मोजणाऱ्याचा हात एकच हवा: गोव्यातल्या पीक-प्रयोगांवर उन्हाळी स्काउटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. कृषीचं तिसरं वर्ष संपतंय. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत गोव्यात प्रायोगिक प्लॉटवर स्काउटिंगची (फिरून किडी-रोग बघून मोजण्याची) इंटर्नशिप मिळाली आहे. भेंडी, मिरची, वांगं यांवर औषधांचे आणि वाणांचे प्रयोग आहेत, जूनमध्ये भाताचा तरवा (रोपवाटिका). किडी-रोगांची नावं धड आठवत नाहीत. काय वाचून जावं, सोबत काय न्यावं आणि रोज करायचं काय?

नावांची धास्ती सोडा. एखाद्या किडीचं नाव चुकलं तर मार्गदर्शक फोटो बघून ते दुरुस्त करतो. मोजणी चुकली तर ती कुणालाच दुरुस्त करता येत नाही, कारण गेल्या मंगळवारी त्या पानाखाली तुडतुडे चार होते की चौदा, हे पंधरा दिवसांनी सांगणार कोण? स्काउटकडून हवं असतं ते एवढंच: पहिल्या दिवशी ज्या पद्धतीने मोजलं त्याच पद्धतीने शेवटच्या दिवशीही मोजलेलं. तुमची नजर थोडी ढिली असेल, दर पानावर एखादा किडा सुटत असेल, तरी तो सगळ्याच प्लॉटमध्ये सारखा सुटला तर तुलना बऱ्यापैकी टिकते. एका प्लॉटमध्ये डोळ्यांत तेल घालून आणि पुढच्यात ऊन चढलं म्हणून भराभर मोजलं, तर ती टिकत नाही.

आधी शेतात काय असेल ते सांगतो. एप्रिलमध्ये वायंगणी (रब्बी हंगामातलं) भात कापणीला आलेलं किंवा नुकतं कापलेलं असतं, त्यामुळे पहिला आठवडा स्काउटिंगऐवजी कापणी-मळणीत आणि वजनं घेण्यात जाऊ शकतो. काजूचा हंगाम शेवटाकडे असतो. ढेकण्या या रसशोषक किडीचा जोर ओसरलेला असतो, कोवळ्या फुटीवर काळे डाग आणि वाळलेले शेंडे मागे राहिलेले दिसतात. पण बुंध्यापाशी रोठ्याची (खोड पोखरणाऱ्या किडीची) भोकं, डिंक आणि भुसा शोधायला हा चांगला काळ आहे. भाजीपाल्याचे प्लॉट मात्र ऐन भरात असतात आणि तुमचं बहुतेक काम तिथेच होणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की सगळं चित्र पालटतं: भाजीपाला आटोपता घ्यायचा आणि भाताचा तरवा टाकायचा, दोन्ही एकाच आठवड्यात अंगावर येतं.

पहिल्या दिवशी किडी बघायला धावू नका. प्लॉटचा नकाशा मागून घ्या आणि तो हातात धरून सगळ्या मेरांवरून (बांधांवरून) एकदा चाला. बहुतेक प्रयोग आरबीडी पद्धतीचे असतात, म्हणजे यादृच्छिक गट रचना. समजा सात उपचार (तपासायची औषधं किंवा वाण) आणि तीन पुनरावृत्ती, म्हणजे २१ प्लॉट. प्रत्येक पुनरावृत्ती हा एक गट आणि त्या गटात सातही उपचार चिठ्ठ्या टाकून मांडलेले. नकाशात उत्तर दिशा कुठे आहे ते आधी पक्कं करा. नकाशा उलटा धरून अख्खा गट चुकीच्या क्रमाने भरला जाणं ही इतकी नेहमीची चूक आहे की पहिल्या दिवशी प्रत्येक खुंटीवरचा क्रमांक नकाशाशी ताडून पाहण्यात गेलेला तासभर वाया जात नाही. खुंटीवरची अक्षरं पुसट झाली असतील तर त्याच दिवशी पुन्हा रंगवा. मे महिन्याच्या उन्हात साध्या मार्करची शाई उडून जाते.

एक प्लॉट जवळून पाहू. भेंडीचा प्लॉट ३.६ बाय ३ मीटर, लागवड ६० बाय ३० सेंटिमीटर. म्हणजे सहा ओळी, ओळीत दहा झाडं, एकूण ६० झाडं. दोन्ही कडेच्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचं एकेक झाड सोडायचं. शेजारच्या प्लॉटमधला फवारा तिथे उडतो, कडेला ऊन-वारा जास्त लागतो, वाटेवरून येणारे-जाणारेही त्या झाडांना घासून जातात. मग उरतात चार ओळी आणि ओळीत आठ, म्हणजे ३२ झाडं. हा निव्वळ प्लॉट. निरीक्षणाची पाच झाडं याच ३२ मधून, तीही १ ते ३२ आकड्यांच्या चिठ्ठ्या काढून निवडायची. डोळ्यांनी निवडली तर माणूस नकळत एक तर टवटवीत झाडाकडे वळतो, नाहीतर किडीने भरलेल्या. निवडलेल्या झाडाला रंगीत फीत बांधा, पण खोडाला आवळून नको, महिन्याभरात खोड जाड होऊन ती रुतते. फीत बांधलेलं झाड मेलं तर गुपचूप शेजारचं धरू नका. ‘मेलं’ असं तारखेसह आणि कारणासह लिहा, बदली झाड घ्यायचं की नाही ते प्रयोग ज्याचा आहे तो ठरवेल.

भेंडीवरच्या रसशोषक किडी मोजताना झाडाची तीन पानं बघतात: वरचं, मधलं, खालचं. वरचं म्हणजे नेमकं कुठलं, हे ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेंड्याकडून पूर्ण उघडलेलं तिसरं पान धरलं तर दर वेळी तेच. पान तोडायचं नाही, झटकायचं नाही. देठ दोन बोटांत धरून पान हळूच उलटं करायचं आणि मोजायचा क्रम ठरलेला ठेवायचा: आधी पांढरी माशी, कारण ती उडून जाते, मग तुडतुड्यांची पिल्लं, जी हिरवट असतात आणि चाहूल लागताच तिरकी पळतात, मग मावा, जो कुठे जात नाही, आणि शेवटी भिंगाने पान शोषणारे बारीक कोळी. क्रम उलटा केलात तर कोळी शोधेपर्यंत माश्या उडालेल्या असतात आणि वहीत शून्य पडतं.

आता वेळेचं गणित करा. २१ प्लॉट गुणिले पाच झाडं गुणिले तीन पानं म्हणजे ३१५ पानं. सराव झाल्यावर एका पानाला २० सेकंद धरली तरी १०५ मिनिटं लागतात. पहाटे साडेसहाला सुरुवात केली तर सव्वाआठला संपतं. किडी तोवर सुस्त असतात आणि तुम्हीही शुद्धीवर असता. नऊनंतर सुरू केलं तर दोन्ही बिघडतं. पहिल्या आठवड्यात दुप्पट वेळ लागेल, तेव्हा सकाळी दोन गट आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिसरा असं वाटून घ्या.

आणि ही वाटणी गटांप्रमाणेच करायची. फार थोड्या इंटर्नांना हे कुणी सांगतं, पण दोन महिन्यांत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोघे मोजणारे असतील तर एकाने पहिला गट पूर्ण घ्यावा, दुसऱ्याने दुसरा. ‘तू उपचार एक ते चार बघ, मी पाच ते सात बघतो’ असं कधीही करू नका. दोन माणसांची नजर सारखी नसते. गटागटांत वाटलं तर हा फरक गटांच्या फरकात जमा होतो आणि विश्लेषणात बाजूला निघतो. उपचारांत वाटलं तर तो औषधाचा गुण म्हणून दिसतो. पावसाची सर आली आणि थांबावं लागलं तरी हाच नियम: चालू गट पुरा करून थांबा. ते जमलंच नाही तर तो गट दुसऱ्या दिवशी पहिल्या प्लॉटपासून मोजा.

कुठल्या प्लॉटमध्ये कुठलं औषध आहे ते शक्यतो बघूच नका. नकाशावर प्लॉट क्रमांक असतात, तेवढे पुरेत. नवं महागडं औषध पाच नंबरमध्ये आहे हे कळलं की पाच नंबरमध्ये डोळ्यांना किडी कमी दिसू लागतात. हा लबाडीचा भाग नाही, मनाचा स्वभाव आहे.

वहीतलं शून्य. एका प्लॉटच्या पाच झाडांवर तुडतुडे असे मिळाले: ४, ०, ६, ०, ०. सरासरी २. आता किडा दिसला नाही म्हणून तीन चौकटी कोऱ्या सोडल्या. संध्याकाळी संगणकावर भरताना एक्सेल कोऱ्या चौकटी मोजतच नाही, दोनच झाडांची सरासरी काढतो आणि उत्तर येतं ५. ज्या प्लॉटमध्ये औषध उत्तम चाललं तोच प्लॉट सगळ्यात वाईट ठरतो. म्हणून पाहिलं आणि नव्हतं तर ०, पाहिलंच नाही तर आडवी रेघ आणि शेजारी कारण. कोरी चौकट वहीत असूच नये. पुढे विश्लेषणात आकड्यांमध्ये ०.५ मिळवून वर्गमूळ काढलेलं दिसेल, ते अशा लहान आणि शून्यांनी भरलेल्या आकड्यांना सांभाळून घेण्यासाठीच. ते काम तुमचं नाही, तुम्ही मूळ आकडाच द्यायचा.

एक प्लॉट वगळला गेला तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर हेही बघा. सात उपचार आणि तीन पुनरावृत्ती असताना त्रुटीचे स्वातंत्र्यांक (एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे योगायोगाचा फरक किती भरवशाने मोजता येतो त्याचं माप) सहा गुणिले दोन म्हणजे बारा. बारापेक्षा कमी असू नयेत असा ढोबळ संकेत आहे, म्हणजे प्रयोग आधीच काठावर उभा आहे. तुमचा एक हरवलेला प्लॉट त्याला काठाच्या खाली नेतो.

औषधांच्या प्रयोगात फवारणीच्या आदल्या दिवशी एक मोजणी आणि नंतर बहुधा १, ३, ७ आणि १४ दिवसांनी मोजण्या असतात. इथे एक सापळा आहे. ‘डीएएस’ हे लघुरूप पेरणीनंतरच्या दिवसांसाठीही वापरतात आणि फवारणीनंतरच्या दिवसांसाठीही. वहीत ‘७ डीएएस’ लिहून ठेवलंत तर जूनमध्ये ते तुम्हालाच उलगडणार नाही. ‘दुसरी फवारणी + ७’ असं लिहा आणि शेजारी तारीख घाला.

आदल्या दिवशीची मोजणी अनेकांना फुकटची वाटते. समजा औषधाच्या प्लॉटमध्ये आधी दर पानामागे १२ तुडतुडे होते, नंतर ३ राहिले. नियंत्रण प्लॉटमध्ये, म्हणजे जिथे औषध नाही तिथे, आधी १० होते आणि नंतर १५ झाले. ॲबटच्या १९२५ सालच्या सूत्राने फक्त नंतरचे आकडे बघतात: १५ पैकी ३ उरले, म्हणजे ८० टक्के परिणाम. हेंडरसन आणि टिल्टन यांचं १९५५ सालचं सूत्र आधीचे आकडेही धरतं: ३ गुणिले १० भागिले (१२ गुणिले १५), म्हणजे ३० भागिले १८०, ते एकातून वजा केल्यावर ८३.३ टक्के. इथे फरक छोटा आहे. पण सुरुवातीची संख्या प्लॉटागणिक दुपटी-तिपटीने वेगळी असेल, आणि तुडतुड्यांच्या बाबतीत ती असतेच, तर आदल्या दिवशीच्या मोजणीवाचून निष्कर्ष पार फिरू शकतो. नियंत्रण प्लॉटचा आकडा प्रत्येक उपचाराच्या गणितात भाजक म्हणून येतो, तेव्हा तिथे केलेला आळस सगळीकडे पसरतो.

फवारणी प्रशिक्षणाशिवाय स्वतः करू नका, पण होत असताना जवळ उभं राहून नोंद करा (वाऱ्याच्या वरच्या बाजूला). वरच्याच प्लॉटचं क्षेत्र १०.८ चौरस मीटर. हेक्टरी ५०० लिटर पाणी ठरलं असेल तर एका प्लॉटला ०.५४ लिटर द्रावण आणि तीन पुनरावृत्तींना १.६२ लिटर. पंपाच्या तळाशी राहणारं धरून थोडं जास्त करावं लागतं. एवढ्याशा द्रावणाला औषध लागतं मिलिलिटरच्या अंशांत, ते बाटलीच्या झाकणाने मोजता येत नाही, सिरिंज किंवा पिपेट लागतं. झाकणाने मोजलेल्या प्रयोगात नंतर तुम्ही कितीही काटेकोर मोजलंत तरी काय मोजलं ते कुणालाच माहीत नसतं. वेळ, वारा, नोझल, आणि फवारणीनंतर किती वेळाने पाऊस पडला ते लिहा. मेच्या उत्तरार्धात दुपारी वळिवाची सर कधीही येते. केंद्रावर पर्जन्यमापक असेल तर त्याची नोंद सकाळी साडेआठची असते, आदल्या चोवीस तासांची.

लक्षणांकडे वळू. भेंडीचं पान पिवळं दिसलं की सगळे ‘हळद्या’ (हा विषाणूचा रोग) लिहून मोकळे होतात. हळद्यात शिरांचं जाळं पिवळं पडतं आणि मधला भाग आधी हिरवाच राहतो, नव्या पानांवर ते ठळक दिसतं, फळंही पिवळट होतात. तुडतुड्यांनी पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, वर वळतात आणि मग तांबूस होऊन जळाल्यासारख्या दिसतात. पालाश कमी पडल्यावरही कडा जळतात, पण सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते आणि पान उलटल्यावर किडा सापडत नाही. कोळ्यांनी पानावर बारीक फिके ठिपके पडतात, खाली जाळी दिसते. शंका असली की पान उलटं करा, निम्मं निदान तिथेच होतं.

मिरचीत चुरडा-मुरडा हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. पानं होडीसारखी वर वळली असतील तर फुलकिडे. खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी. पानं बारीक, गुच्छासारखी आणि झाड खुजं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. एकाच झाडावर तिन्ही सापडतात, मग तिन्ही लिहायचे. फुलकिडे मोजायला शेंडा काळ्या कार्डावर हलकेच तीनदा टिचकायचा. फिकट पिवळी पिल्लं पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, काळ्यावर दिसतात. फुलंही उघडून बघा. २०२१ साली आंध्र-तेलंगणात मिरचीचं मोठं नुकसान करणारा थ्रिप्स पार्विस्पायनस फुलांतच गर्दी करतो आणि त्याची मादी काळपट असते, तिला पांढरा कागद बरा. म्हणून खिशात दोन्ही कार्डं हवीत.

मुरड्याला श्रेणी देतात: ० निरोगी, १ म्हणजे पाव भागापर्यंत पानं वळलेली, २ अर्ध्यापर्यंत, ३ पाऊण भागापर्यंत, ४ त्याहून जास्त. दहा झाडांत तीन निरोगी, चार श्रेणी १, दोन श्रेणी २ आणि एक श्रेणी ४ असेल तर बेरीज १२. जास्तीत जास्त शक्य बेरीज ४०. तीव्रता ३० टक्के. पण लागण झालेली झाडं दहापैकी सात, म्हणजे प्रादुर्भाव ७० टक्के. एकाच प्लॉटचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. अहवालात नुसतं ‘रोग ७० टक्के’ असं लिहिलं तर वाचणारा काय समजेल ते तुम्हीच ठरवा. श्रेणी देताना पहिल्या दिवशी प्रत्येक श्रेणीच्या झाडाचा एकेक फोटो काढून मोबाईलमध्ये वेगळा ठेवा आणि दर वेळी शेतात शिरण्याआधी बघा. मे संपेपर्यंत शेतभर मुरडाच दिसत असतो, मग एप्रिलमध्ये तीन वाटलेलं झाड दोन वाटू लागतं. मोजणाऱ्याची पट्टी अशी सरकते, आणि ती सरकली हे त्याला कळतही नाही.

वांग्यात गोव्यातला मोठा प्रश्न जीवाणूजन्य मर. शेंडे पोखरणारी अळीही झाड कोमेजवते, पण ती शेंडाच कोमेजवते. शेंडा चिरला की आत बोगदा आणि विष्ठा सापडते. मरीत अख्खं झाड हिरवं असतानाच मान टाकतं, तेही दोन-तीन दिवसांत. खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या. जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा धारदार पात्याने कापा आणि त्याचं खालचं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा स्थिर धरा, हलवू नका. पेल्यामागे काळं कार्ड धरा. जीवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा सरळ खाली उतरताना दिसतो. बुरशीच्या मरीत तो येत नाही. पातं पुढच्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा. मरीचे प्लॉट फेरीत सगळ्यात शेवटी घ्या, कारण बुटांना लागलेली माती तुमच्यासोबत फिरते. मेलेलं झाड उपटलं तर ते शेताबाहेर न्यायचं, मेरेवर टाकायचं नाही.

मित्रकीटकांची वेगळी ओळ वहीत ठेवा. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची असते आणि नवा माणूस ती हमखास किडीत मोजतो. माव्यात शिरलेली बिनपायांची हिरवट अळी सिरफिड माशीची असते, ती मावाच खायला आलेली असते. कोळिष्टकं विणणारे किंवा उड्या मारणारे आठ पायांचे कोळी आणि पान शोषणारे लाल-पिवळे बारीक कोळी, दोघांनाही आपण कोळीच म्हणतो. वहीत ‘मित्र-कोळी’ आणि ‘कीड-कोळी’ असं लिहा, नाहीतर टायपिंगमध्ये एकत्र होतात.

वायंगणी भाताची वजनं घ्यायची झाली तर ओलावा मोजल्याशिवाय वजनाला अर्थ नाही. निव्वळ १२ चौरस मीटरमधून ५.८ किलो भात मिळालं, ओलावा २० टक्के. १४ टक्क्यांवर आणायला ५.८ गुणिले ८० भागिले ८६, म्हणजे जवळपास ५.४ किलो. हेक्टरी ते ४५ क्विंटल होतं. ओलावा धरला नसता तर ४८ लिहिलं असतं. सगळे प्लॉट एकाच दिवशी मळले नाहीत तर ही चूक प्रत्येक प्लॉटला वेगळी होते. प्रत्येक पोत्यात एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर बांधा, बाहेरची गळते.

प्रयोग खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) असेल तर आधी मानस (पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा) कुठे आहे ते बघा. खारं पाणी तिथून आणि बांधाच्या फटींतून आत येतं, आणि कुणग्यातला (भातखाचरातला) सगळ्यात सखल कोपरा सगळ्यात खारट असतो. पुनरावृत्ती या खारटपणाच्या चढ-उताराला आडव्या मांडल्या आहेत की नाहीत ते नकाशावर दिसतं. नसतील तर निदान प्रत्येक प्लॉटची क्षारता तुम्ही मोजून द्या, ती पुढे उपयोगी पडते. भाताचं उत्पादन साधारणपणे संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या वर गेल्यावर घटू लागतं. हातातल्या मीटरने एक भाग माती आणि दोन भाग पाणी असं मोजलं तर आकडा बराच कमी येतो. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवण्याची चूक नेहमी होते, म्हणून आकड्याबरोबर पद्धत लिहा. कोरगुटसारखी क्षार सोसणारी स्थानिक जात किंवा जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या ‘गोवा धान’ जाती ज्योती, जया यांच्या शेजारी लावल्या असतील तर क्षाराची खूण आधी ज्योती-जयावर दिसेल: पानांची टोकं पांढरट होऊन वाळतात, आणि रोपं ठिगळाठिगळांनी मरतात. करपा हा बुरशीचा रोग असा नकाशा आखून येत नाही. जांभ्या मुलखातल्या पाणथळ कुणग्यांत जुन्या पानांवर तांबूस बारीक ठिपके पसरले तर आधी लोहाचा अतिरेक आठवा, बुरशीनाशक नंतर.

जूनच्या तरव्यात फुलकिडे बघायला तळहात ओला करून रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवायचा आणि हाताला चिकटलेले काळपट बारीक किडे मोजायचे. दहा-बारा ठिकाणी, दर वेळी हात धुऊन. पावसाची उघडीप लांबली की हे वाढतात, सरी लागल्या की आपोआप धुऊन जातात. तरव्यात पाणी साचलं असेल तर सुरळीतील अळी बघा: पानाचे कापलेले तुकडे नळीसारखे पाण्यावर तरंगतात. फुटवे आल्यावरची लक्षणंही आत्ताच ओळखून ठेवा. वाळलेला पोंगा ओढल्यावर सहज निघून आला तर खोडकिडा. पोंग्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ चंदेरी नळी आली तर गादमाशी. फुटवा तिरका कापलेला असेल तर उंदीर. त्यावर औषध फवारलेलं पाहिलं तर नवल वाटून घेऊ नका, तसं बरेचदा होतं.

सोबत न्यायचं सामान फार नाही. दहा पट भिंग दोरीने गळ्यात, पेन्सिली (शाई पहिल्याच सरीत पसरते), पुठ्ठ्याची पाटी आणि तिच्यावर प्लास्टिकचं आवरण, हातातला मोजणी-काउंटर, मोजपट्टी, काळं-पांढरं कार्ड, धारदार पातं, ७० टक्के अल्कोहोलच्या चार-सहा कुप्या, कागदी पाकिटं. रोगट पान कागदातच ठेवायचं, प्लास्टिकमध्ये संध्याकाळपर्यंत कुजतं आणि मग त्यावर भलत्याच बुरशा वाढतात. सूत्रकृमीसाठी मुळं मात्र ओल्या मातीसकट प्लास्टिकमध्ये, ती वाळली की नमुना गेला. फोटोच्या आधी खुंटीचा फोटो काढा, नाहीतर महिन्याअखेर चारशे हिरव्या फोटोंकडे बघत बसाल.

तब्येतीचं थोडं, पण गंभीर. फवारलेल्या प्लॉटमध्ये लेबलवर दिलेला काळ उलटल्याशिवाय शिरू नका; दुसऱ्या दिवशीच्या मोजणीलाही हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, लाल-पिवळ्या-निळ्यापेक्षा कमी विषारी एवढंच. पाऊस लागल्यावर कुणग्यात अनवाणी उतरू नका: गोव्यात लेप्टोस्पायरोसिस आहे, उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून आत शिरतो. शेतात उतरल्यानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘भातशेतीत काम करतो’ हे आधी सांगा. सत्तरी तालुक्याकडच्या काजू बागांत मेअखेरपर्यंत गोचिडी असतात. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. पँट मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीडरोधक तेल लावा, पाल्यापाचोळ्यात बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवा. दगडी मेरांवर हात टेकण्याआधी काठी आपटा, फुरसं हा विषारी साप उन्हाळ्यात तिथेच गारव्याला असतं.

वही रोज संध्याकाळीच संगणकावर उतरवायची. अंधार पडण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेवा, कारण गोव्याच्या जूनमध्ये वही भिजणारच आहे. एखादा आकडा शेजारच्या आकड्यांच्या मानाने विचित्र वाटला तर बदलू नका, त्याच्याभोवती गोल करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडापाशी जाऊन बघा. मोजणी चुकली असेल तर जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडा, नवा शेजारी लिहा, तारीख आणि सही करा. रबर खिशात ठेवूच नका. निघायच्या दिवशी टाईप केलेल्या फाईलसोबत ही मळकी, खाडाखोड झालेली मूळ वहीसुद्धा द्यायची आहे, वहीच्या पहिल्या पानावर ‘वरचं पान म्हणजे तिसरं’ हे लिहिलेलं असू द्या, आणि फिती बांधलेली झाडं पुढे मोजणाऱ्याला स्वतः चालत जाऊन दाखवा.